घसरून पडल्याची नोंद

सकाळी दहा वाजून गेल्यावर होटगी रस्त्यावर, आसरा चौकाच्या अलीकडे, माझ्या पत्नीच्या स्कूटरला समोरून आलेल्या मोटारीने धडक दिली. मोटार चुकीच्या बाजूने येत होती. पत्नीच्या उजव्या मनगटाची दोन्ही हाडे मोडली आणि गुडघ्याला मार बसला. आज हे असे सरळ लिहिता येते. अपघातानंतर चार महिने ते कोणत्याही कागदावर नव्हते. कागदावर होते ते मी सांगितलेले वाक्य: गाडी घसरून ही पडली.

मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावर तीस वर्षे काम केले. नातेपुते, टेंभुर्णी, वैराग अशा गावांतून वार्ताहर बातम्या पाठवत. आधी फोनवर सांगत, मग फॅक्स आला, शेवटची काही वर्षे मोबाईलवरच मजकूर येई. अपघाताची बातमी बहुधा चार ओळींची असे. 'दुचाकी घसरून जखमी' हा मथळा मी किती वेळा दिला असेल, ते सांगता येणार नाही. वार्ताहराला मात्र एक प्रश्न मी नेहमी विचारत असे: हे पाहिले कोणी? उत्तर आले नाही तर बातमी दुसऱ्या दिवसावर ढकलत असे.

पत्नी मुलींच्या शाळेत लिपिक आहे. निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. शाळेचे जनरल रजिस्टर तिच्या ताब्यात असते. मुलीचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव एकदा त्यात चुकले की ती चूक दाखल्यावर जाते, दाखल्यावरून पुढे सगळीकडे जाते, आणि लग्न झालेल्या बाया एका अक्षरासाठी मुलांना कडेवर घेऊन शाळेच्या ऑफिसात येऊन बसतात. ती हे रोज पाहते. त्यामुळे नोंद म्हणजे काय, हे आमच्या दोघांपैकी तिला जास्त कळत होते.

मोटार चालवणारा गृहस्थ वैरागचा भुसार व्यापारी होता, वय पन्नाशीच्या आसपास. तो पळून गेला नाही. त्याने पत्नीला स्वतःच्या मोटारीत घातले, जवळच्या खासगी रुग्णालयात आणले आणि तिच्याच फोनवरून मला कळवले. मी पोहोचलो तेव्हा तो नोंदणीच्या खिडकीपाशी उभा होता. एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. डबा चेपला होता. त्याने मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात बराच वेळ बोलला. त्याच्या बोलण्यात चूक नाकारणे नव्हते. मुलीचे लग्न ठरले आहे, घाईत होतो, वळण लांब पडते म्हणून उलट्या बाजूने घुसलो, असे त्याने स्वतः सांगितले.

"तुमी पेपरवाले, तुमाला सगळं म्हाईत हाय की," तो म्हणाला. "पोलीस आले की बाईंना आत घ्यायलाच दोन तास जातील. दवाखान्याचं मी बघतो. शब्द हाय माजा."

मला सगळे माहीत होते, हे खरे. वाहनाची धडक म्हटले की रुग्णालय पोलिसांना कळवते, हवालदार येतो, जबाब होतो, मग ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात. हे टाळण्यासाठी लोक खिडकीवर काय सांगतात तेही माहीत होते. जिन्यावरून पडले, बाथरूममध्ये घसरले, गाडी घसरली. आपल्याकडे ही रीतच आहे. आधी उपचार, बाकीचे आपसात मिटवून घेऊ. खिडकीतल्या डॉक्टरने कसे झाले ते विचारले आणि मी उत्तर दिले. त्याने ते इंग्रजीत केस पेपरवर लिहिले. पाच फुटांवर स्ट्रेचरवर पत्नी डोळे मिटून पडली होती. ती शुद्धीवर होती. तिने ऐकले.

शस्त्रक्रिया झाली, मनगटात धातूची पट्टी बसली. आठवडाभराने ती घरी आली तेव्हा ते वाक्य तिच्या आधी सगळीकडे पोहोचले होते. शाळेतल्या बाई भेटायला आल्या, त्यांनी या वयात रिक्षाने यावे असा सल्ला दिला. पुण्याहून मुलाने फोनवर स्कूटर विकून टाकायला सांगितले. शेजारच्या काकांनी पावसाळ्यात चाक कसे सटकते ते समजावले. पावसाळा नव्हता. वीस वर्षे त्याच रस्त्याने स्कूटरवर शाळेत जाणारी बाई एका महिन्यात गाडी न येणारी बाई झाली. एकदा तिने शेजाऱ्यांसमोर म्हटले, "मी पडले नाही." मी चहाचा विषय काढला.

व्यापारी सुरुवातीला रोज फोन करत होता. दोनदा डाळिंबे घेऊन आला. रुग्णालयाचा पहिला खर्च त्याने दिला. नंतर फोन आठवड्याने येऊ लागले, मग बंद झाले. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितले की बोटे पूर्ण मिटत नाहीत, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल आणि तरीही हाताला पूर्वीची पकड येईल असे नाही. मी व्यापाऱ्याला फोन लावला. तिसऱ्या दिवशी त्याने उचलला.

"साहेब, केस पेपर बघा की," तो म्हणाला. "बाई घसरून पडल्या असं तुमीच सांगितलंय. मी आपला रस्त्यानं चाललो हुतो, उचलून आणलं. ह्यात माजं काय चुकलं?"

आवाजात राग नव्हता. तो एखादा ठरलेला भाव सांगावा तसे सांगत होता. फोन ठेवल्यावर पत्नीने तो काय म्हणाला ते विचारले. मी जसेच्या तसे सांगितले.

"म्हणजे पुण्यही त्यालाच लागलं," ती म्हणाली.

ओळखीच्या एका वकिलाने फोनवरच सांगितले की कागद तुमच्या विरोधात आहे, यात काही राहिलेले नाही. मी तेवढ्यावर थांबलो असतो. मोफत सल्ल्याचे पत्नीने काढले. न्यायालयाच्या आवारात कायद्याचा सल्ला मोफत मिळतो, हे शाळेच्या फलकावर तिनेच चिकटवलेल्या एका पत्रकात होते. मातापालकांसाठी आलेले पत्रक होते ते. त्याच सल्ल्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षे पानाच्या तळाशी, जागा उरली की लावत आलो होतो. तिने पत्रक चिकटवले, मी बातमी छापली, आणि दोघांनीही आपल्यासाठी म्हणून ती कधी वाचली नव्हती. मोफत म्हणजे ज्यांना काहीच नाही त्यांच्यासाठी, असे मी म्हणालो. तिने डाव्या हाताने पदर खोचला आणि कागदांची पिशवी उचलली.

खोली लहान होती. बाहेर दोन बाक, भिंतीला पंखा, दाराशी वही घेऊन बसलेला कर्मचारी. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ मुलीबरोबर आले होते. ती दोघे आपसात तेलुगूत बोलत होती आणि मधूनमधून हातातला कागद उलटा करून पाहत होती. आम्ही दीड तास बसलो. कर्मचाऱ्याने अर्ज दिला, तो मी भरायला घेतला, तर त्याने विचारले की अपघात कोणाला झाला. अर्ज त्यांच्या नावाने भरा, म्हणाला, महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. तुमच्या नावाने भरलात तर तुमचे उत्पन्न बघावे लागेल. मी नाव खोडून तिचे लिहिले.

आत वकीलबाई होत्या. तिशीच्या, अक्कलकोटकडच्या. आम्ही आत गेलो तेव्हा फोनवर कन्नडमध्ये कोणाला तरी जेवून घ्यायला सांगत होत्या. फोन ठेवून त्यांनी कागद मागितले, केस पेपर दोनदा वाचला आणि काय झाले ते विचारले. मी सांगू लागलो. वेळ, ठिकाण, मोटारीची दिशा, जखमांचे स्वरूप. तीस वर्षांची सवय होती, क्रम बरोबर होता. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"काका, तुम्ही तिथे होता?"

"नाही."

"मग काकूंना बोलू द्या."

हा प्रश्न माझा होता. मी तो नातेपुत्याच्या, टेंभुर्णीच्या वार्ताहरांना विचारत आलो होतो. पत्नीला मात्र चार महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. रुग्णालयात व्यापाऱ्याने मला सगळे सांगितले होते आणि मी त्याचेच ऐकून घेतले होते.

ती बोलू लागली. सावकाश, रजिस्टरमधून वाचून दाखवावे तसे. तिने सांगितले की मोटार तिला दुरून दिसली होती. ती उलट्या बाजूने येते आहे हेही कळले होते, म्हणून तिने स्कूटर डाव्या कडेला, अगदी मातीत घेतली आणि जवळजवळ थांबवली. चालवणाऱ्याच्या कानाला फोन होता. थांबलेल्या गाडीला धडक बसली. हे सगळे मला नवीन होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारी एक बाई चौकाच्या अलीकडे बसते, तिने पत्नीला क्रेटवर बसवले, पाणी दिले आणि मोटारवाल्याला उभे धरले. डोळं कुटं हायत तुजं, उलटं कुटं घुसतूस, असे ती ओरडत होती. त्या बाईकडून आम्ही दर आठवड्याला भाकरी घेतो. या चार महिन्यांत मी तिच्याकडून निदान दहा वेळा भाकरी आणली असेल.

वकीलबाई पाठकोऱ्या कागदावर लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सांगितले ते असे. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, त्यातले चार गेले आहेत. उशिरा का होईना पोलिसांत फिर्याद द्यावी लागेल आणि उशिराचे कारण खरे सांगावे लागेल. रुग्णालयातील नोंद बदलता येणार नाही. ती कोणी सांगितली आणि का सांगितली, एवढेच प्रतिज्ञापत्रावर सांगता येईल. ते प्रतिज्ञापत्र काकांना करावे लागेल. समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल.

"आमच्याकडेही तसंच आहे," पत्नी म्हणाली. "जुनी नोंद खरवडायची नाही. ती वाचता आली पाहिजे. वर लाल शाईनं बरोबर लिहायचं आणि शेजारी सही."

मी व्यापाऱ्याच्या परिस्थितीबद्दल काहीतरी बोललो. मुलीचे लग्न वगैरे. वकीलबाई म्हणाल्या की मोटारीचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्यांच्या खिशातून सहसा जात नाही. आणि उपचार थांबवून कोणी जबाबाची वाट पाहत बसत नाही, आधी रुग्ण आत घेतात.

पत्नीने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "मग लपवलं कशाला दोघांनी?"

वकीलबाईंनी स्कूटर कुठे आहे ते विचारले. मी ती आठ दिवसांतच दुरुस्त करून आणली होती. पत्नी बरी होऊन घरी येईल तेव्हा तिला मोडकी गाडी दिसू नये, असा हेतू होता. तिचा पुरावा मीच पुसून टाकला होता. फिटरने तेव्हा मला सांगितले होते, "ये फिसली सो गाडी नै साब, सामने से ठोकर है." मी त्याला तू तुझे काम कर असे म्हणालो होतो. कोणते भाग बदलायचे हे विचारण्यासाठी त्याने फोनवर तीन फोटो पाठवले होते. ते अजून माझ्या फोनमध्ये होते. समोरचे मडगार्ड आत चेपलेले, हँडल वाकडे, बाजूला घसरल्याचा एकही ओरखडा नाही. वकीलबाईंनी फोटो बराच वेळ मोठे करून पाहिले. एवढे तरी राहिले, म्हणाल्या.

वकीलपत्रावर पत्नीची सही हवी होती. हाताकडे पाहून त्यांनी अंगठा चालेल असे सांगितले आणि शाईची डबी पुढे सरकवली. पत्नीने डबी परत सरकवली. पेन दोन बोटांत धरून, डाव्या हाताने उजवे मनगट दाबून तिने सही केली. वेळ लागला. अक्षर तिचे वाटत नव्हते. तिने स्वतःच विचारले की बँकेतल्या सहीशी जुळणार नाही, त्याचे काय करायचे.

भाकरीवालीकडे आम्ही संध्याकाळी गेलो. पत्नीने विचारायचे आणि मी गप्प बसायचे, असे रिक्षातच ठरले होते. बाईने पत्नीचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"आज विचारायला आला व्हय," ती मला म्हणाली. "मला वाटलं मिटलं. तुमी येताय, भाकरी घेऊन जाताय, तोंडातनं शब्द न्हाय."

साक्षीला येईन म्हणाली. सकाळी मात्र नको, सकाळी भाकरी असतात. मोटार पांढरी होती आणि मागच्या काचेवर काय लिहिले होते, हेही तिला आठवत होते.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच लिहून नेला. पानभर झाला होता. खिडकीपाशी गर्दी होती, पत्नीला असह्य वेदना होत होत्या, समोरच्या गृहस्थाने खर्चाचा शब्द दिला होता, मानसिक स्थिती ठीक नव्हती. यातले कोणतेच खोटे नव्हते. वकीलबाईंनी पेन्सिल घेतली आणि दोन तृतीयांश मजकूर कापला. राहिले ते असे, की अपघाताचे कारण मला माहीत असूनही मी डॉक्टरांना खोटे सांगितले, पोलिसांचा त्रास टळावा म्हणून सांगितले, आणि पत्नीला विचारले नाही. शेवटचे तीन शब्द मी लिहिले नव्हते. ते पत्नीने सांगितले आणि वकीलबाईंनी घातले.

"तीस वर्षं दुसऱ्यांचं कापलं," पत्नी म्हणाली. "आता बघा कसं वाटतं ते."

पोलीस ठाण्यात आम्हाला तीन वेळा जावे लागले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी हवालदाराने एवढे दिवस झोपला होता का, असे विचारले आणि वकीलबाईंचे पत्र पाहून उद्या या म्हणाला. मी ज्या कामासाठी खोटे बोललो होतो, ते काम हेच होते. तीन सकाळी गेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पाण्याचा माठ होता. याहून वाईट काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी फिर्याद घेतली. हवालदाराने ती संगणकावर टंकली आणि वाचून दाखवली. समोरून चुकीच्या बाजूने भरधाव आलेल्या मोटारीने माझ्या स्कूटरला धडक दिली, या ओळीवर पत्नीने त्याला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. त्याला वाटले काही चुकले. चुकले नाही, वाचा, असे ती म्हणाली. त्याने पुन्हा वाचली.

मुदत संपायला बारा दिवस असताना दावा दाखल झाला. त्यात केस पेपर आहे, त्याच्या मागे माझे प्रतिज्ञापत्र आहे. दोन्ही वाचता येतात. व्यापाऱ्याचा एकदा फोन आला. लई वाईट केलंत, म्हणाला, आपलं घरातलं हुतं. मी त्याला वकीलबाईंचे नाव सांगून त्यांच्याशी बोलायला सांगितले. विमा कंपनीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला केस पेपर वर काढून ठेवला, असे वकीलबाईंनी कळवले. निकाल काय लागेल ते त्या सांगत नाहीत. दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे. करंगळी अजून मिटत नाही. रजिस्टर आता शाळेतली दुसरी बाई लिहिते, ही शेजारी बसून सांगते.

माझी उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतील, असे वकीलबाईंनी सांगितले आहे आणि उत्तर लहान ठेवा असे बजावले आहे. पत्नी रोज सकाळी चहा झाला की तो प्रश्न विचारते. डाव्या हाताने कप विसळत, माझ्याकडे पाठ करून.

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"जोरात बोला. कोर्टात मागं ऐकू येत नाही."